दाऊदमियाँची आरती

नव्याने कथा लिहिणारी मुलं भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात : ‘ग्रे शेड’चं पात्र कसं रंगवायचं? वाईट माणसाला दोन-चार गुण द्यावेत, चांगल्याला एखादं व्यसन लावावं, की झालं पात्र तयार, अशी त्यांची समजूत असते. भेळ अशी कालवता येते, माणूस नाही.

विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ आठवा. १९७२ साली ते रंगमंचावर आलं आणि सेन्सॉरपासून कोर्टापर्यंत गेलं. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून आपल्या अटींवर राबवणारा हा सखाराम. त्याच्या घरी गणपतीची आरती चाललेली असते. मित्र दाऊदमियाँही आरती म्हणू पाहतो. लक्ष्मी त्याला अडवते. मुसलमानाने आरती कशी म्हणायची? सखाराम भडकतो आणि तिला मारतो.

आता सांगा, आपण कोणाच्या बाजूचे? मित्राचा अपमान सहन न करणारा सखाराम मला, एका मुसलमान प्रेक्षकाला, जवळचा वाटतो. पण त्याच क्षणी त्याचा हात एका निराधार बाईवर उठलेला असतो. आणि लक्ष्मी? ती मुंगीशीसुद्धा मायेने बोलणारी बाई. तिची भक्ती खरी आणि तिची शिवाशिवही खरी. दोन्ही एकाच मनातून आलेल्या. इथे गुणदोषांची बेरीज-वजाबाकी करताच येत नाही.

राहिला दाऊद. कथा-सिनेमात आमच्या वाट्याला बहुतेक वेळा दोनच भूमिका आल्या : खलनायक, नाहीतर नायकासाठी जीव देणारा पुण्यवान चाचा. दाऊद यातला कोणीच नाही. मित्राच्या घरी प्रेमाने आरतीला उभा राहणारा हा माणूस पुढे त्याच घरातल्या चंपाशी संबंध ठेवतो. मला यात अपमान वाटत नाही, बरोबरीचा मान वाटतो. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला चुकायची मुभा नसते.

म्हणून लिहिणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच : पात्राला त्याची बाजू मांडू द्या. आपण ढोंगी नाही, याचा सखारामला अभिमान आहे. त्याच्या लेखी तो चोख माणूस आहे. हे ‘त्याच्या लेखी’ सापडलं की पात्र बोलू लागतं. मात्र बाजू ऐकली म्हणून गुन्हा माफ होत नाही. शेवटी सखाराम चंपाचा गळा दाबतो, तेव्हा तेंडुलकर काहीही झाकत नाहीत. निकाल आपल्यावर सोडतात, आणि तो घरी नेऊनही लागत नाही.