तोंडाचा कॅन्सर परत आला, तरी एक प्रश्न विचारायचा राहतोच

“शेक देऊन झाला, तरी गाठ परत आली. आता घरी नेऊन सेवा करायची, एवढंच राहिलं.” वस्तीत घरभेटीला गेलो की हे वाक्य आम्हाला अनेकदा ऐकायला मिळते. बोलणारी माणसे पेशंटवर जीव लावणारीच असतात. पण पेशंटला घरी नेण्याआधी कॅन्सरच्या सर्जनला एक प्रश्न विचारा: “ऑपरेशन होऊ शकेल का?”

कॅन्सर परत आला की नाही, हे नुसते बघून ठरत नाही. रेडिएशननंतर जबड्याचे हाड कुजूनही जखम चिघळते. म्हणून तुकडा काढून तपासावा लागतो, स्कॅन करावा लागतो. गाठ पूर्ण काढता येण्यासारखी असेल, फुप्फुसात पसरलेली नसेल, मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला तिने वेढलेले नसेल आणि पेशंटची तब्येत साथ देत असेल, तर ऑपरेशन हा बरे होण्याचा चांगला मार्ग असतो. त्याच जागी पुन्हा पूर्ण शेक देणे अवघड असते.

गाठ काढल्यावर मोठी पोकळी राहते. शेकलेल्या भागात रक्त कमी पोचते. तिथली कातडी नुसती ओढून शिवली तर टाके सुटतात आणि लाळ मानेत झिरपते. म्हणून शरीराच्या दुसऱ्या भागातून शेक न लागलेले मांस आणून ती जागा भरतात. त्याला ‘फ्लॅप’ म्हणतात. गालासाठी मांडीची किंवा हाताची कातडी घेतात, जबड्यासाठी पोटरीतले बारीक हाड. तिथली रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडतात. पोटरीच्या हाडाने जबडा उभारण्याचे काम न्यूयॉर्कच्या डॉ. डेव्हिड हिडाल्गो यांनी 1989 मध्ये जगापुढे मांडले. शरीराचे वजन पायातले दुसरे, जाड हाड पेलते. त्यामुळे पेशंट पुन्हा चालू शकतो. काहींना छातीचे मांस वर वळवून लावतात.

हे ऑपरेशन बरेच तास चालते. पहिले 2-3 दिवस नर्स फ्लॅपचा रंग वारंवार बघते. तो निळा किंवा पांढरा पडला तर पेशंटला लगेच पुन्हा थिएटरमध्ये न्यावे लागते. काही दिवस नाकातून नळीने जेवण द्यावे लागते, काहींच्या गळ्यात श्वासाची नळी असते. शेकलेल्या भागात जखम उघडण्याचा धोका जास्त असतो, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावे. पुढे बोलण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम रोज करावे लागतात. तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री पूर्ण बंद. शेक झालेल्या जबड्यातला दात कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नये.

खर्चाला घाबरून मागे फिरू नका. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन हॉस्पिटलच्या समाजसेवकाला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. आपले ऑपरेशन त्यात बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

ऑपरेशन शक्य नसेल, तरी वेदना कमी करणारे उपचार मागा. तो पेशंटचा हक्क आहे.

आमच्या ओळखीच्या एका ताई ऑपरेशननंतर आता चमच्याने पेज खातात, सावकाश बोलतात. पण बाहेर पडताना पदराने गाल झाकतात. सर्जनने गाल शिवून दिला. तो पदर खाली घ्यायला लावणे हे आपल्या नजरांचे काम आहे.