स्ट्रट बार घ्यायच्या आधी गाडीखाली वाका

सोनपेठहून परळीला निघा, गंगाखेडला निघा किंवा पाथरीला, छोट्या गाडीची खरी परीक्षा काळ्या मातीवरच्या रस्त्यावर होते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर कुठं खचतं, कुठं उचललं जातं. गाडी डुलते, वळणावर कलते, खालून खडखडते. मग कुणीतरी सुचवतं की स्ट्रट बार बसव, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. हे बार आता घरपोच मिळतात आणि दोन-चार बोल्टांवर बसतात. त्यांच्याकडून ठेवलेल्या अपेक्षा मात्र बहुतेक वेळा चुकीच्या असतात.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की बारमुळं गाडी वळणावर कमी कलते. कलणं ठरतं स्प्रिंगवर, डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या अँटी-रोल बारवर, वजनाच्या उंचीवर आणि दोन चाकांमधल्या रुंदीवर. माणसांसकट ९०० किलोची गाडी धरा. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि चाकांमधलं अंतर १४५ सेंटिमीटर. गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट आडवा जोर बसेल अशा वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जवळपास १३७ किलो भार सरकतो. या हिशोबात स्ट्रट बार कुठंच येत नाही. तो बसवा किंवा काढा, तेवढाच भार सरकणार. टपावर सामान बांधलं तर गुरुत्वमध्य वर जातो आणि हा आकडा वाढतो. गाडी कलू नये असं वाटत असेल तर आधी टप मोकळा करा.

मग हा बार करतो काय? पुढच्या दोन शॉकअपची वरची टोकं ज्या दोन उंचवट्यांत बसतात, त्यांना तो आडवा जोडतो. वळणावर आडवा जोर आला की हे उंचवटे किंचित सरकू पाहतात आणि चाकाचा कोन बदलतो. ती हालचाल बार रोखतो. जिथं हे उंचवटे मोकळे आहेत आणि गाडी जोरात चालवली जाते, तिथं स्टिअरिंग थोडं नेमकं वाटतं, हे खरं. पण बऱ्याच गाड्यांत ते इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीशी आधीच भक्कम वेल्ड केलेले असतात. तिथं फरक इतका बारीक असतो की चालवणाऱ्याच्या हाताला तो जाणवण्याऐवजी मनालाच जाणवतो.

दुसरी समजूत अशी की छोट्या गाडीची चासी नाजूक असते आणि तिला आधार लागतो. नोंदणीपत्रात चासी नंबर असतो, पण आजच्या छोट्या हॅचबॅकला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळ, खांब, छप्पर, भिंती मिळून एकच सांगाडा होतो, त्याला मोनोकॉक म्हणतात. झाकण काढलेला बुटाचा खोका दोन हातांनी पिळून पाहा आणि मग झाकण लावून पिळा. सांगाड्याचं बळ त्या बंद आकारात आहे. आजच्या बऱ्याच गाड्यांचा सांगाडा एक अंश पिळायला १०,००० न्यूटन-मीटरहून जास्त जोर लागतो. त्यामानानं स्प्रिंगा कितीतरी मऊ असतात, म्हणून गाडी आधी तिथं झुकते.

आपल्या रस्त्यांसाठी याच्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं रस्त्याच्या उंच भागावर असताना सांगाड्याला पीळ बसतो. पुढचा स्ट्रट बार आडवा ताण धरतो, पीळ फारसा धरत नाही. त्यामुळं दार करकरतं म्हणून स्ट्रट बार घेणाऱ्याची निराशा होते. करकरीचं कारण बहुधा दाराच्या रबरात, बिजागरीत किंवा जुन्या अपघातानंतरच्या कच्च्या वेल्डिंगमध्ये सापडतं.

मागच्या अँटी-रोल बारचं प्रकरण वेगळं आहे आणि जास्त जपायचं आहे. हा बार कलणं खरोखर कमी करतो. पण तो मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार टाकतो, आणि गाडीची मागची बाजू लवकर सुटू शकते. कोरड्या रस्त्यावर ते मजेचं वाटेल. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आणलेला असतो, त्या वळणावर ते जिवाशी येतं. घरच्या माणसांना घेऊन फिरणाऱ्या गाडीला मी तो बसवणार नाही.

बार लावल्यानं अपघातात गाडी सुरक्षित होते, असंही सांगितलं जातं. ग्लोबल एनकॅपच्या समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरनं आदळवतात. तिथं पुढचा पत्रा ठरल्याप्रमाणं चुरगळून धक्का खातो आणि आतली जागा शाबूत राहावी लागते. त्या कामासाठी हा बार बनवलेलाच नाही. कंपनीनं आखलेल्या रचनेत कुणी वेल्डिंग करून आधार घातले, तर चुरगळण्याचा क्रमच बिघडू शकतो. कायदाही बघा: मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८२अ नुसार परवानगीबाहेर गाडीत फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. काहीही बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा.

खालून बसणाऱ्या लोअर आर्म बारमुळं गाडी जमिनीपासून आणखी कमी उंच राहते. आपल्याकडच्या गतिरोधकांवर आणि चाकोऱ्यांत तो घासला, तर मार थेट सस्पेन्शनच्या बोल्टांना बसतो.

आता पैसे कुठं घालावेत? टायरपासून सुरुवात करा. खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की टायर बदलायचाच. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणं थंड टायरमध्ये हवा भरा. मग खालच्या आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि शॉकअपची गळती बघा, शेवटी अलाइनमेंट करा. फुटलेल्या बुशमुळं चाक जितकं सरकतं, त्यापुढं शॉकअपच्या उंचवट्यांची हालचाल काहीच नाही.

एवढं करूनही हौस उरली तर बार जरूर घ्या. तो तुमच्याच मॉडेलसाठी बनलेला, मूळ बोल्टांवर बसणारा, नवीन भोक पाडावं न लागणारा असावा. टोकाला हलणारा सांधा असलेल्यापेक्षा एकसंध बार चांगला. पोलादाचा ताठरपणा ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट असतो, म्हणून ॲल्युमिनियमची बारीक नळी चमकत असली तरी घेऊ नका. बसवल्यावर बॉनेट बंद करून वर किती जागा उरते ते तपासा, आणि बोल्ट टॉर्क पान्यानंच कसायला सांगा.