जाहिरातीतला माणूस आणि जाहिरातीबाहेरची वस्ती

जाहिरातीचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. पण सगळ्यांना तो एकाच कारणाने येत नाही. मी मुकुटबनचा. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेजवळचे हे गाव. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि आता महाविद्यालयात शिकवतो. सर्वांत नकोशी वाटणारी जाहिरात कोणती, असे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी विचारतो. उत्तरे भराभर येतात : तेच ते गाणे, किंचाळणारा आवाज, ऐन सामन्यात मध्ये घुसणारा पानमसाला. मग मी दुसरा प्रश्न विचारतो. या जाहिरातींत तुमच्या घरच्यासारखा माणूस कधी दिसला, आणि दिसला तर कशासाठी? याची उत्तरे थोडी येतात, पण कामाची येतात. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

जाहिरातीचा त्रास दोन प्रकारचा असतो. रटाळ जाहिरात कानाला त्रास देते. अवमान करणारी जाहिरात माणूसपणाला त्रास देते. पहिलीबद्दल पांढरपेशा समाज मोठ्याने कुरकुरतो. दुसरी त्याला बहुधा खटकतही नाही, कारण ती त्याच्याच घरातल्या समजुती त्याला परत ऐकवत असते.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. जाहिरात हा पैशाचा व्यवहार आहे आणि पैशाला जात नसते, असे सांगितले जाते. आपल्या चळवळीचा इतिहास याला साक्ष देत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी' तयार झाला नाही. ही गोष्ट बाबासाहेबांनीच पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये नोंदवून ठेवली आहे. म्हणजे जाहिरातीशी आपला पहिला संबंध आला तो नकाराचा. खिशात पैसे असूनही दार बंद होते.

पुढे हे दार आकाशवाणीवर उघडले, पण मालासाठी. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्यावर जाहिराती नव्हत्या. जाहिरातींसह गाणी ऐकायची तर लोक रेडिओ सिलोन लावत. 'बिनाका गीतमाला' तिथे १९५२ पासून चालू होती. हा श्रोता आणि हा पैसा देशाबाहेरच्या केंद्राकडे जातो आहे हे उघड दिसत होते. अखेर १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या प्रथम मुंबई-पुणे-नागपूर या केंद्रांवरून. म्हणजे सरकारी रेडिओवरची जाहिरात विदर्भाने अगदी पहिल्या दिवसापासून ऐकली. दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून आल्या. आमच्या पिढीच्या लहानपणी टीव्ही आमच्या वस्तीत मोजक्या घरांत होता. आम्ही खिडकीशी उभे राहून कार्यक्रम बघायचो आणि जाहिराती पाठ करायचो. घेण्याची ऐपत नसलेल्या वस्तूंची गाणी तोंडपाठ असणे, ही आमच्या बालपणीची एक मिळकतच म्हणावी लागेल.

गाणे पाठ का होते, हे समजून घ्यायला हवे. जाहिरातीची वेळ सेकंदांवर विकली जाते. दहा, वीस, तीस सेकंदांत वस्तूचे नाव डोक्यात बसवायचे असते. म्हणून चाल सोपी ठेवतात, नाव पुन्हा पुन्हा घेतात आणि तीच जाहिरात दिवसातून अनेकदा लावतात. ऐकणाऱ्याला ती आवडली पाहिजे अशी अट नाही. दुकानात उभे राहिल्यावर नाव आठवले की काम झाले. त्रास हा या धंद्यात अनेकदा दोष नसतो, ते भांडवल असते.

विकोचे उदाहरण घ्या. हे मराठी घराण्याचे उत्पादन. त्यांचे हळदीच्या क्रीमचे गाणे चित्रपटगृहात, दूरदर्शनवर, भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर इतके वाजले की लोक वैतागले, आणि वैतागूनही विसरले नाहीत. हे प्रसाधन नव्हे, आयुर्वेदिक क्रीम आहे, असे त्या गाण्यात ठासून सांगितलेले असते. गाण्यात अशी कायद्याची भाषा कशाला? कारण प्रसाधन ठरले तर अबकारी कर एक, आणि आयुर्वेदिक औषध ठरले तर दुसरा. हा वाद अबकारी खात्याशी अनेक वर्षे चालला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. प्रेक्षक ज्याला पोरकट गाणे समजत होता, त्यातल्या एका शब्दाला पैशात मोजता येणारी किंमत होती. जाहिरातीत सहज म्हणून काही येत नाही, हे ध्यानात ठेवावे. पुढच्या सगळ्या उदाहरणांना ते लागू आहे.

आता मुख्य मुद्दा. तीस सेकंदांत माणसाची ओळख करून देता येत नाही. कादंबरीकाराला शंभर पाने मिळतात. जाहिरातवाल्याला श्वास घ्यायलाही सवड नसते. म्हणून त्याला तयार साचे लागतात. चांगली सून, हुशार मुलगा, गबाळी शेजारीण, संशयास्पद मोलकरीण. पाहणाऱ्याच्या मनात जे आधीच बसलेले आहे तेच तो उचलतो. त्यामुळे जाहिरात ही गिऱ्हाइकाच्या समजुतींची पावती असते. आणि या देशातल्या गिऱ्हाइकाच्या सर्वांत जुन्या समजुती कशाविषयी आहेत? रंग, स्पर्श आणि घाण यांविषयी.

रंगापासून सुरुवात करू. हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आणली. तिच्या जाहिरातींची गोष्ट ठरलेली असे : सावळी मुलगी, तिला नकार, मग क्रीम, मग उजळपणा आणि यश. एका जाहिरातीत निवृत्त बाप आपल्याला मुलगा नाही म्हणून हळहळतो. मुलगी गोरी होते, हवाई सुंदरी होते आणि घर सावरते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने या जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या, आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने यातल्या दोन जाहिरातींवर बंदी घातली. क्रीम मात्र त्याच नावाने आणखी सतरा वर्षे विकली गेली. आमच्याकडे बाया उन्हात कापूस वेचतात. त्यांचा रंग हा त्यांच्या कामाचा पुरावा आहे. जाहिरात त्या पुराव्याला डाग म्हणते. २५ मे २०२० रोजी अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाने गुडघ्याखाली जीव घेतला, जगभर निदर्शने झाली, आणि त्या लाटेत कंपनीने नावातला 'फेअर' शब्द काढून 'ग्लो' घातला. ब्लॅक पँथरपासून नाव घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली होती. ते नाते अजून संपलेले नाही. तिकडच्या रस्त्यावरच्या संतापाने इकडच्या डबीवरचा शब्द बदलला. डबीतली वस्तू आणि घरातली समजूत बदलली का, हे ज्याचे त्याने आपल्या घरात पाहावे.

दुसरा स्पर्श. त्याच मे २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, केंट कंपनीने कणीक मळण्याच्या यंत्राची जाहिरात समाजमाध्यमांवर टाकली. हेमा मालिनी आणि त्यांची कन्या या कंपनीच्या जाहिरातींतले चेहरे. तुम्ही मोलकरणीला हाताने कणीक मळू देता का, तिचे हात संसर्गाचे असू शकतात, असा तिचा आशय होता. टीका झाली, जाहिरात मागे घेतली गेली, कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. पण तर्क पाहा. हा रोग परदेशातून विमानाने आला होता. मोलकरीण विमानात बसलेली नव्हती. तिला तो झालाच तर मालकाच्या घरातूनही होऊ शकत होता. तरीही धोकादायक हात कुणाचे, तर तिचे. हा निष्कर्ष वैद्यकशास्त्राने दिलेला नाही. तो शतकानुशतके स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून आहे; करोनाने त्याला फक्त नवा सदरा घातला.

तिसरी घाण. ५ जून २०२३ ला, पर्यावरण दिनी, झोमॅटोने प्लास्टिकच्या पुनर्वापराविषयी एक चित्रफीत काढली. २००१ च्या 'लगान' चित्रपटात 'कचरा' नावाचा अस्पृश्य खेळाडू आहे. त्याच भूमिकेतल्या नटाला घेऊन त्यांनी त्याला दिवा केले, कागद केले, टेबल केले. टाकाऊ वस्तूंपासून काय काय बनते हे दाखवायला. माणसाचे नाव कचरा आहे, म्हणून माणूसच कचरा. दिग्दर्शक नीरज घायवान यांनी जाहीर निषेध केला, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली, चित्रफीत मागे घेतली गेली. आमचा तसा हेतू नव्हता, असा खुलासा अशा वेळी येतो. हेतू नसेलही. पण ही कल्पना सुचण्यापासून पडद्यावर येईपर्यंत किती टेबलांवरून गेली असेल, आणि त्यातल्या एकाही टेबलाशी हे नाव ऐकून अंगावर काटा येणारा माणूस बसलेला नव्हता. जाहिरात संस्थेत कोण बसतो, हा प्रश्न म्हणूनच अभिरुचीचा नाही, प्रतिनिधित्वाचा आहे.

जिथे अपमान नाही तिथे अनुपस्थिती आहे. मुकुटबनच्या परिसरात चुनखडी आहे, सिमेंटचा कारखाना आहे. सिमेंटच्या जाहिराती आठवून पाहा. जे. के. सुपर सिमेंटच्या एका गाजलेल्या जाहिरातीत पोहण्याच्या वेषातली तरुणी समुद्रातून बाहेर येते. सिमेंटशी तिचा संबंध काय, हे कुणालाच कळले नाही आणि सगळा देश हसला. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पाठीवर पोते घेतलेला माणूस तिथे नाही. धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत मळ असतो, दुसऱ्याचा मळ रोज धुणारी बाई नसते. संडास साफ करण्याच्या द्रवाच्या जाहिरातीत झगमगीत नट घरात शिरतो. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध या देशाला १९९३ मध्ये एक आणि २०१३ मध्ये दुसरा कायदा करावा लागला, त्या कामातला माणूस मात्र त्या चकचकीत फरशीवर कधी उभा राहत नाही.

मग गरीब माणूस खऱ्या नावाने, खऱ्या चेहऱ्याने पडद्यावर येतो तरी कधी? एकदा आला. मुकेश हराणे, महाराष्ट्रातलाच तरुण. गुटख्याने तोंडाचा कर्करोग झाला आणि २००९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो गेला. त्याच्यावरची तंबाखूविरोधी चित्रफीत पुढे चित्रपटगृहांत आणि टीव्हीवर सतत दाखवली गेली. लोकांनी तिला नकोशी ठरवले. त्या आवाजाच्या नकला झाल्या, विनोद झाले. त्याच काळात, त्याच पडद्यांवर पानमसाल्याचे आणि इलायचीचे नट झळकत होते. तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून त्याच नावाची इलायची पुढे केली जाते. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमारने चाहत्यांची माफी मागून अशा एका जाहिरातीतून माघार घेतली, यावरून दडपण आणता येते एवढे सिद्ध झाले. पण वाटणी लक्षात घ्या : विकायला नट आणि मरायला मुकेश. आणि प्रेक्षक वैतागतो तो मरणाऱ्यावर.

आमच्या भागात तर गुटख्यापेक्षा खर्रा चालतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळतो. त्याला ना ब्रँड, ना गाणे, ना नट. जाहिरातीवाचूनही तो विद्यार्थ्यांच्या खिशात पोहोचला आहे. खर्रा तोंडात धरून मुकेशची नक्कल करणारी पोट्टी मी पाहतो, तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. आपल्यासारख्याच घरातल्या माणसाला हसायला त्यांना कुणी शिकवले, याचा विचार येतो.

उपाय काय? काही साधने हाताशी आहेत. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील जाहिरात संहितेनुसार वंश, जात, वर्ण, पंथ वा राष्ट्रीयत्व यांची हेटाळणी करणारी जाहिरात दाखवता येत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे 'अ‍ॅस्की', १९८५ पासून तक्रारी घेते. त्वचेच्या रंगावरून कमीपणा दाखवू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे तिने २०१४ मध्ये केली. मात्र ही परिषद जाहिरात उद्योगाने स्वतःसाठी उभारलेली आहे, हे विसरू नये. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाचा मार्ग वेगळा आणि घटनात्मक आहे. वर सांगितलेल्या प्रकरणांत जाहिरात मागे गेली ती कुणीतरी बोलले म्हणून. गप्प राहून एकही गेलेली नाही.

पण तक्रारीच्या आधी वाचन यावे लागते. शिक्षकांनी कविता शिकवतात तशी जाहिरात वर्गात घ्यावी. चार प्रश्न पुरेत. यात काम कोण करतो? यात घाण कुणाची मानली आहे? यात कुणाला लाज वाटायला लावली आहे? आणि ही तयार करताना टेबलाशी कोण नव्हते? आमच्या वर्गात एका मुलीने साबणाच्या जाहिरातीवर चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहिले : "माझी आई." तिची आई वणीला चार घरची धुणी धुते. त्या उत्तराला मी पूर्ण गुण दिले.