हरित इमारतीचे अंगण

एखादी इमारत ‘हरित’ आहे असे म्हटले जाते, तेव्हा प्रामुख्याने वीज, पाणी आणि बांधकाम-साहित्य यांच्या काटकसरीचा विचार केलेला असतो. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राची इमारत हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. २००३ साली तिला ‘लीड’ या अमेरिकी मानांकनपद्धतीतील ‘प्लॅटिनम’ हा सर्वोच्च दर्जा मिळाला. अमेरिकेबाहेर हा मान मिळविणारी ती पहिलीच इमारत. मधल्या चौकाभोवती वर्तुळाकार रचलेल्या या वास्तूत सांडपाणी वनस्पतींच्या मुळांच्या साहाय्याने शुद्ध करून बागेस देण्याची व्यवस्था करण्यात आली.

परंतु बागेस पाणी मिळाले म्हणजे तीत जीवसृष्टी नांदेलच, असे मात्र नाही. पुष्कळ कार्यालयांभोवती कातरलेली हिरवळ आणि परदेशांतून आणलेली शोभेची झाडे असतात. ती डोळ्यांना सुखावतात. पण कीटकांच्या दृष्टीने तो बहुतांशी उपवासाचाच प्रदेश होय.

याचे कारण असे की, प्रत्येक वनस्पती आपल्या पानांचे रक्षण निरनिराळ्या रसायनांनी करीत असते. ही रसायने पचविण्याचे सामर्थ्य काही थोड्याच कीटकांनी, दीर्घ सहवासातून, मिळविलेले असते. फुलपाखरू मध कोणत्याही फुलातील घेईल; अंडी मात्र ते ठरावीक झाडावरच घालते. रुईच्या पानांवर वाढणारे एक नारिंगी फुलपाखरू अळी असताना तिच्या चिकातील विषारी द्रव्ये शरीरात साठविते, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. बेल व कढीलिंब यांवर दुसऱ्या जातीच्या अळ्या पोसल्या जातात.

हैदराबादच्या परिसरातील माळ ग्रॅनाइटच्या खडकांचा आहे. उथळ माती आणि कडक ऊन सोसणाऱ्या वनस्पती तेथे मुळातच आहेत. बतुकम्माच्या सणात फुलांच्या राशीत मानाने रचला जाणारा पिवळा तंगेडु, म्हणजेच मराठीतील तरवड, हे तेलंगणाचे राज्यपुष्प. त्याच्या पानांवर पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पळस ऐन पानगळीत फुलतो आणि शिंजीर, साळुंकी इत्यादी पक्ष्यांना अन्नाच्या टंचाईत मध पुरवितो. एरवी दाणे टिपणारी चिमणीदेखील आपल्या पिलांना कीटकच भरविते. म्हणून अळ्या नसतील, तर पिलेही वाढणार नाहीत.

केवळ देशी रोपे लावून मात्र भागत नाही. कीटकनाशकांची फवारणी थांबवावी लागते आणि गळलेला पाचोळा काही ठिकाणी तसाच राहू द्यावा लागतो. काचेच्या भिंतीत झाडांचे प्रतिबिंब पडले, तर पक्षी फसून तीवर आदळतात. तेव्हा झाडांनी बोलाविलेला पाहुणा भिंतीने मारू नये, याचीही काळजी घ्यावी लागते. काचेवर बाहेरून दाट खुणा केल्यास हा धोका बराच कमी होतो.

कुरतडलेले पान दिसताच माळ्याला जाब विचारण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः तेच पान या बागेच्या यशाची पहिली खूण असते.