मृगाआधी बागेत एक फेरी

भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी घालून उन्हाळाभर जगवलेली झाडं ऐन पावसात पिवळी पडतात, असा अनुभव तुम्हालाही आला असेल. दोष पावसाचा नसतो, मैत्रिणींनो! कुंडीत पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात.

मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी प्रत्येक कुंडीच्या बुडाचं भोक काडीनं मोकळं करा. नवी कुंडी भरताना भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा आणि दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत व एक भाग वाळू घाला.

परसात कारली, दोडकी, काकडी यांच्यासाठी तीन-तीन फुटांवर आळी खणून शेणखत-माती भरा. मात्र ती भोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच हवी. मांडवाचे बांबूही आत्ताच रोवा. चांगला पाऊस झाला की आळ्यात तीन-चार बिया टोचा.

तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या चोळून बी जपून ठेवा. गवती चहाचं दाटलेलं बेट मात्र पहिल्या सरींनंतरच मुळांसकट फोडून लावा. मोगऱ्याचा बहर ओसरला असेल तर सुकलेली टोकं खुडून टाका.

झाडांना पाणी आता पाऊसच घालील. जादा पाण्याला वाट तेवढी तुम्ही करून ठेवा.