जुन्या जीपला पाच गियर: क्लच आणि गियरचा दांडा निवडताना पैसा कुठे अडकतो

मागच्या व्हिडिओत गॅरेजवाल्याने मोठं काम अंगावर घ्यावं की नाही, यावर आपण बोललो. त्यात गियरबॉक्स बदलण्याचा विषय मी दोन मिनिटांत उरकला आणि तेव्हापासून फोन सुरू आहेत. प्रश्न जवळपास एकच. "भाऊ, चार गियरच्या जीपला बोलेरोचा पाच गियरचा बॉक्स बसवायचा आहे, क्लच कोणता घेऊ? हेवी ड्युटी टाकू का?" याचं उत्तर तोंडी देता येत नाही, आकडे मांडून दाखवावे लागतात. म्हणून हा लेख.

आधी हे काम येतं कुठून ते बघा. १९४७ पासून महिंद्राच्या जीपा आपल्याकडे आहेत. विलीजच्या काळातल्या जीपला तीनच गियर होते, आणि पहिला गियर सिंक्रो नसलेला. पुढे एमएम ५४०, कमांडर या गाड्यांमध्ये केएमटी ९० नावाचा चार गियरचा बॉक्स आला. त्याचा चौथा गियर सरळ, म्हणजे १ ला १. तेव्हाच्या रस्त्यांना तो पुरत होता. आता यवतमाळहून नागपूरकडे चौपदरी रस्त्याने निघालं की चौथ्यात इंजिन नुसतं बोंबलत राहतं. पाचवा गियर ०.८५ चा असेल, तर ज्या वेगाला इंजिन ३००० फेरे मारत होतं तिथे २५५० मध्ये भागतं. आवाज कमी, डिझेल थोडं कमी, इंजिनाला आराम. बोलेरो २००० साली आली आणि गावोगावी पसरली, त्यामुळे तिचा जुना बॉक्स मिळायलाही सोपा. मागणी खरी आहे, आणि आपल्या भागात हे काम नीट करणारे हात थोडे आहेत. धंद्याच्या दृष्टीने चांगलंच आहे की.

पण याच कामात मी माझ्या दुकानाच्या दुसऱ्या वर्षी आपटलो. एका शेतकऱ्याची कमांडर होती. कापसाच्या हंगामाआधी गाडी द्यायचं कबूल केलं होतं. बॉक्स बसवला, नवीन क्लच सेट टाकला, गाडी सुरू केली आणि रिव्हर्स टाकला तर खर्रर्र. मी म्हटलं, बॉक्स खराब आला. बॉक्स उतरवला, उघडला, काहीच दोष नाही. परत चढवला, परत तेच. तिसऱ्यांदा उतरवला. मजुरी एकदाची ठरलेली, काम तीन वेळा. तिकडे तो माणूस भाड्याची गाडी करून कापूस नेत होता आणि रोज संध्याकाळी दुकानासमोर येऊन काही न बोलता बसत होता. भांडला असता तर परवडलं असतं! दोष शेवटी सापडला क्लचच्या मास्टर सिलिंडरमध्ये. त्याची गोष्ट पुढे येते.

पहिला नियम: दाते बॉक्सचे, घेर फ्लायव्हीलचा

क्लच प्लेट ही इंजिन आणि गियरबॉक्स यांच्या मधली सोयरीक आहे. तिच्या मधल्या हबमध्ये जे दाते असतात, म्हणजे स्प्लाइन, ते नवीन बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसले पाहिजेत. तिचा बाहेरचा घेर आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट मात्र तुमच्या इंजिनाच्या फ्लायव्हीलशी जुळले पाहिजेत. त्यामुळे "बोलेरोचा क्लच सेट द्या" किंवा "कमांडरचा क्लच सेट द्या" असं काउंटरवर म्हटलं की निम्म्या वेळी माल परत करायची पाळी येते, आणि खोक्यावर ग्रीसचा हात लागला की दुकानदार परत घेत नाही.

दाते मोजा, शाफ्टचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने घ्या, आणि जमलं तर जुनी प्लेट शाफ्टवर सरकवून बघा. दात्यांची संख्या जुळली पण व्यास अर्ध्या मिलिमीटरने वेगळा, असं होतं. प्लेट शाफ्टवर हाताने, स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे. ठोकून बसवावी लागली तर ती प्लेट तुमची नाही.

शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या ज्या छोट्या बेअरिंगमध्ये जातं ते पायलट बेअरिंगही बघा. टोकाचा व्यास वेगळा असेल तर लेथवाल्याकडून बुश करून घ्यावा लागतो. खर्च किरकोळ, पण विसरलात तर सगळं पुन्हा खाली. आणि एक, गाडीच्या नावावरून इंजिन ठरवू नका. एकाच नावाखाली कधी प्यूजोचं इंजिन आलं, कधी महिंद्राचं स्वतःचं डीआय. बॉनेट उघडून इंजिन बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला भाव सांगायचाच नाही.

हेवी ड्युटी पाहिजे का?

इथे बहुतेकांचा गैरसमज आहे. गियरबॉक्स बदलल्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. क्लचला जो टॉर्क झेलायचा तो इंजिनाकडून येतो. इंजिन तेच असेल तर क्लच मोठा करायचं कारण बॉक्स बदलणं हे होऊ शकत नाही.

हिशोब असा आहे. प्लेटला दोन बाजू, म्हणून २. त्याला घर्षणाचा आकडा, साध्या ऑरगॅनिक प्लेटचा साधारण ०.२७ धरा. मग प्रेशर प्लेटचा दाब, समजा ४५०० न्यूटन, म्हणजे अंदाजे ४६० किलोचा भार. आणि प्लेटची सरासरी त्रिज्या, समजा ०.०९५ मीटर. हे चारही गुणले की २३० एनएम येतं. इंजिनाचा टॉर्क १८० एनएम असेल तर तुमच्याकडे जवळपास १.२८ पट क्लच आहे. लहान गाड्यांसाठी १.२ ते १.५ पट हा नेहमीचा धरायचा आकडा. म्हणजे साधा क्लच पुरतो.

आता त्याच हिशोबात ०.२७ च्या जागी ०.१८ टाका. प्लेटवर तेल आलं किंवा ती जळून काचेसारखी गुळगुळीत झाली की असं होतं. उत्तर येतं १५४ एनएम, इंजिनापेक्षा कमी. क्लच घसरणार. ड्रायव्हर म्हणणार, "क्लच कमजोर आहे, हेवी टाका." खरी गरज आहे क्रँकच्या मागच्या ऑइल सीलची आणि गियरबॉक्सच्या पुढच्या सीलची. सील न बदलता तुम्ही दुप्पट किमतीची प्लेट टाकली तर तीही तेल पिणार. बॉक्स उतरलेलाच आहे तर ही दोन्ही सीलं बदलाच, गिऱ्हाईक नको म्हटलं तरी समजावून बदला.

बटन प्लेटबद्दल फार विचारतात. तांब्याच्या रंगाचे तुकडे असलेली ती सेरामेटॅलिक प्लेट. ती उष्णता भरपूर सहन करते, ट्रॅक्टरला, जड गाडीला तिचा उपयोग आहे. पण ती हळू पकडत नाही, एकदम पकडते. बाजाराच्या दिवशी गर्दीतून जीप चालवणाऱ्याला दर दहा फुटांवर झटका बसतो. तो झटका पुढे प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला आणि मागच्या डिफरन्शियलला बसतो. जड स्प्रिंगची प्रेशर प्लेट टाकली तर पेडल कडक होतं, रिलीज बेअरिंग लवकर जातं, आणि पन्नाशीचा ड्रायव्हर गुडघा धरून तुमच्याकडे येतो. या दोन वस्तू "चालतील" म्हणून दुकानात भरून ठेवू नका. माझ्याकडे एक सेट तीन वर्षं धूळ खात पडला होता.

पायरी वर जायची योग्य वेळ वेगळी आहे. इंजिनाला टर्बो बसवलेला आहे, मोठे टायर आहेत, किंवा रोज भरलेली ट्रॉली ओढायची आहे. आणि एक गोष्ट फारसं कोणी बघत नाही: नवीन बॉक्सचा पहिला गियर जुन्यापेक्षा लांब आहे का? पहिल्या गियरचा रेशो कमी झाला की भरलेली गाडी उचलताना ड्रायव्हर क्लच जास्त वेळ अर्धवट दाबून ठेवतो, आणि प्लेट तिथेच जळते. बॉक्स विकत घ्यायच्या आधी चाक किती फिरतं आणि शाफ्ट किती फिरतो हे हाताने मोजून दोन्ही बॉक्सचा पहिला गियर ताडून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

फ्लायव्हील लेथवर साफ करून घ्या. मात्र ज्या फ्लायव्हीलला पायरी असते, म्हणजे प्लेट बसते ती जागा आणि प्रेशर प्लेट बसते ती जागा यांच्या उंचीत फरक असतो, तिथे एकाच बाजूने माल काढला तर दाब बदलतो. जितकं एकीकडे काढलं तितकंच दुसरीकडे काढा म्हणून लेथवाल्याला स्पष्ट सांगा, चिठ्ठीवर लिहून द्या.

पेडलपासून फोर्कपर्यंत

आता माझी चूक. त्या कमांडरला मी "पेडल हलकं होईल" म्हणून लहान बोअरचा मास्टर सिलिंडर टाकला होता. पेडल खरंच हलकं झालं होतं, मी खूश.

खाली स्लेव्ह सिलिंडर २२ मिलिमीटरचा, वर मास्टर १९ चा, आणि मास्टरची दांडी ३० मिलिमीटर चालते असं धरा. स्लेव्ह किती सरकेल? १९ चा वर्ग ३६१, २२ चा वर्ग ४८४. ३० गुणिले ३६१ भागिले ४८४, म्हणजे सव्वाबावीस मिलिमीटरच्या वर. आता मास्टर १६ चा टाका. १६ चा वर्ग २५६. स्लेव्ह सरकतो जेमतेम १६ मिलिमीटर. पाय हलका झाला, पण फोर्क अर्धवटच हलला. क्लच पूर्ण सुटत नाही, प्लेट फिरत राहते, आणि रिव्हर्स टाकला की खर्रर्र. बॉक्सचा काहीएक संबंध नाही. पाय हलका हवा तर पल्ला जातो, पल्ला हवा तर पाय जड होतो, दोन्ही फुकट मिळत नाही.

म्हणून गियर घासतो अशी तक्रार आली की बॉक्स उतरवायच्या आधी एवढं करा. गाडी न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही घासत असेल तर दोष क्लच न सुटण्याचा आहे: हवा राहिली, पल्ला कमी पडला, किंवा प्लेट उलटी बसली. हो, उलटी बसते, हसू नका.

गियरचा दांडा

दांड्याकडे सगळे शोभेची वस्तू म्हणून बघतात. आधी तो बाहेर कुठे येतो ते बघा. पाच गियरचा बॉक्स लांब असतो, दांडा मागे सरकतो, आणि ड्रायव्हरच्या कोपराखाली किंवा सीटच्या पत्र्यावर येतो. फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केसचा दांडाही तिथेच. पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करा, ड्रायव्हरला बसवा, सगळे गियर टाकून बघा. पाचवा टाकताना हात डॅशबोर्डला लागतो का? रिव्हर्सला मांडीला लागतो का?

आता दांडा छोटा करून मागणारी तरुण मंडळी. दांडा एका गोळ्यावर टेकतो. गोळ्याच्या वर ३०० मिलिमीटर आणि खाली ४० असेल तर साडेसात पट जोर मिळतो. वरून कापून २४० केला तर सहा पट. हाताचा फेरा २० टक्के कमी, पण लागणारा जोर २५ टक्के जास्त. थंडीत सकाळी, तेल घट्ट असताना, हा २५ टक्के चांगलाच जाणवतो. घरची फिरायची जीप असेल तर चालेल. भाड्याने चालणाऱ्या गाडीला मी दांडा लहान करून देत नाही, आणि का ते सांगतो. गिऱ्हाईक जातं तर जाऊ द्या, सिंक्रो रिंग गेल्यावर ते परत तुमच्याच नावाने बोलणार.

खरं तर ढिला दांडा नव्वद टक्के वेळा दांड्याचा दोष नसतोच. गोळ्याखालचा नायलॉन बुश झिजलेला असतो. तो बदलला की गियर जागेवर पडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, नवीन गाडी झाली." सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच. नवीन रबरी बूटही टाका, नाहीतर पावसाळ्यात आपली काळी माती वरून आत जाते.

भाव कसा द्यायचा

या कामाचा एकच ठोक भाव देऊ नका. दोन भाग करा. बॉक्स उतरवणं-चढवणं, क्लच सेट, सीलं, बुश, हे पक्कं. प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि बॅलन्सिंग, माउंटिंग, स्पीडोमीटर, रिव्हर्स लाइटचा स्विच, लेथकाम, हे उघडल्यावर. दोन्ही भाग कागदावर, गिऱ्हाइकाच्या सहीने. मुख्य मालाचे पैसे आधी घ्या. नवा उद्योजक इथेच लाजतो, स्वतःच्या खिशातून माल आणतो, आणि गाडी महिनाभर दुकानात उभी राहिली की त्याचं कर्जाचं भांडवल तिच्यातच उभं राहतं.

जुना बॉक्स बिलाशिवाय घेऊ नका. बिल नसलेला माल कुठून आला हे उद्या पोलिसांनी विचारलं तर तुम्ही काय सांगणार? जीएसटीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीचे सुटे भाग १८ टक्क्यांत आले आहेत. जुन्या दरपत्रकात काही मालावर २८ लिहिलेलं असेल, ते पाहून भाव काढू नका. कायद्याची बाजू अशी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरसीवरच्या नोंदी बदलतील असा फेरफार परस्पर करता येत नाही. आरसीवर चेसिस आणि इंजिन नंबर असतो. बॉक्ससोबत इंजिनही बदलायचा विचार निघाला तर आधी आरटीओची परवानगी, मग पाना.

गाडी देताना मी आता पाचशे किलोमीटरवर परत बोलावतो. तारीख बिलावरच लिहितो. तेव्हा क्लचचा फ्री प्ले, बेल हाउसिंगचे बोल्ट, सिलिंडरमधलं तेल आणि प्रोपेलरचे बोल्ट एवढंच बघायचं, अर्ध्या तासाचं काम. या अर्ध्या तासाची मजुरी आधीच भावात धरलेली असते.