पापणी जड झाली तर वाट पाहू नका



रांजणगावच्या कारखान्यांपलीकडे, उसाच्या फडांजवळ राहणारी आदिवासी कुटुंबे बहुधा जमिनीवरच अंथरूण टाकतात. पावसाळ्यात रात्री फिरणारा मण्यार अशाच झोपलेल्या माणसाला चावतो. सूज नाही, वेदना नाही, कित्येकदा दाताची खूणही नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या मिटू लागतात. म्हणून वस्तीवरच्या बैठकीत मी हा विषय नेहमी घेते.

मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून मज्जातंतूत आणि तिथून स्नायूत जातो. मज्जातंतूच्या टोकातून एक रसायन सुटते, तेव्हा स्नायू हलतो. मण्यारचे विष या टोकांवरच घाव घालते. मेंदू जागा राहतो, पण त्याचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचत नाही.

दवाखान्यात सिस्टर पुन्हा पुन्हा काय पाहतात? पापण्या पूर्ण उघडतात का, एकाचे दोन दिसते का, थुंकी गिळता येते का, उशीवरून मान उचलता येते का, एका श्वासात किती आकडे मोजता येतात. आकडे कमी होऊ लागले, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत असे समजतात.

शुद्ध तपासायला १९७४ पासून ग्लासगो मापन वापरतात. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण. मण्यारच्या दंशात मात्र हे मापन फसवू शकते. स्नायूच लुळे पडल्याने गुण ३ वर येतात, आणि नातेवाईक आशा सोडतात. खरे तर तो माणूस आतून जागा असू शकतो. प्रतिविष लवकर मिळावे लागते. आधी झालेली इजा त्याने भरून निघत नाही. मज्जातंतू सावरेपर्यंत, कधी कधी काही दिवस, यंत्राने श्वास द्यावा लागतो. तेवढा आधार वेळेवर मिळाला, तर असे रुग्ण पूर्ण बरे होऊन चालत घरी जातात.

म्हणून वस्तीवर मी एवढेच सांगते: जखम कापू नका, आवळून बांधू नका, भगताकडे वेळ घालवू नका. रुग्णाला चालवू नका, १०८ ला फोन करा. झोपताना खाट वापरा, नाहीतर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा.

आणि रुग्णाला भेटायला गेलात, तर त्याच्या उशाशी रडारड करू नका. धीराचे शब्द बोला, प्रार्थना त्याला ऐकू जाईल अशी करा. डोळे मिटलेले असले तरी तो ऐकत असेल.